माळ्यावरचा जुना फ्लॅश नव्या कॅमेऱ्याला लावताय? आधी मोजून घ्या

गेल्या भागात आपण पावसाळ्यात लेन्सवर धरणाऱ्या बुरशीबद्दल बोललो. त्यानंतर आलेल्या प्रश्नांमध्ये एक प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा दिसला. "बाबांचा जुना फ्लॅश घरात पडून आहे. माझ्या डीएसएलआरवर तो बसतो. लावू का?"

मंडळी, सगळा घोटाळा त्या "बसतो" मध्येच आहे. कॅमेऱ्याच्या डोक्यावर जी धातूची खाच असते, तिला हॉट शू म्हणतात. तिचं माप कित्येक दशकं जवळपास तेच राहिलं आहे. त्यामुळे चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीचा व्हिविटार, सनपॅक किंवा नॅशनल आजच्या कॅमेऱ्यावर असा अलगद सरकतो, जणू त्याच्यासाठीच केला होता. बटण दाबलं तर बहुतेक वेळा उडतोही. पण त्या एका उडण्यात तुमच्या तीस-चाळीस हजारांच्या कॅमेऱ्याचं फ्लॅशचं सर्किट कायमचं जाऊ शकतं. आणि तसं झालं, तर ते वॉरंटीत बसेल याचीही खात्री नाही.

म्हणून माझं उत्तर सरळ आहे: लावा, पण मोजून. जुना फ्लॅश चांगला असेल तर तो भंगारात देणं मला अजिबात पटत नाही. कंपनीचा नवा फ्लॅश घ्यायला गेलं की किंमत ऐकून आपण गुपचूप बाहेर पडतो, आणि इकडे माळ्यावर तितकाच प्रकाश देणारी वस्तू धूळ खात असते. मात्र त्याला लागणारी एक तपासणी दहा मिनिटांची आहे. ती टाळू नका.

गडबड नेमकी कुठे होते?

फ्लॅशच्या पोटात एक मोठा कपॅसिटर असतो. चार पेन्सिल सेल मिळून ६ व्होल्ट देतात, पण आतलं सर्किट ते वाढवून या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या आसपास साठवतं. फ्लॅश सुरू केल्यावर जी बारीक शिट्टी ऐकू येते ना, ती याच कामाची. मग फोटो काढताना कॅमेरा हॉट शूच्या मधला ठिपका आणि बाजूची धातूची पट्टी क्षणभर आतून जोडतो. ही जोडणी झाली की फ्लॅश उडतो.

आता जुन्या फिल्म कॅमेऱ्यात ही जोडणी कशी व्हायची? दोन धातूच्या पत्त्या एकमेकींना टेकायच्या, बस. घरातल्या दिव्याच्या बटणासारखं. त्या पत्त्यांना दोनशे-तीनशे व्होल्टचं काही वाटायचं नाही. त्यामुळे फ्लॅश बनवणाऱ्यांनीही ते व्होल्टेज थेट पायापर्यंत आणून सोडलं होतं. आजच्या डिजिटल कॅमेऱ्यात पत्त्यांच्या जागी एक छोटासा इलेक्ट्रॉनिक स्विच आहे. त्याला झेपेल तेवढंच झेपतं. जास्त व्होल्टेज आलं तर तो कधी पहिल्याच फोटोला जातो, कधी हळूहळू.

फ्लॅशच्या पायावर येणाऱ्या या व्होल्टेजला ट्रिगर व्होल्टेज म्हणतात. ते फ्लॅशवर कुठेही लिहिलेलं नसतं, आणि नुसत्या मॉडेलच्या नावावरूनही कळत नाही. याचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण म्हणजे व्हिविटार २८३. १९७० च्या दशकात आलेला हा फ्लॅश जगभर खपला. लग्नाचे फोटो काढणाऱ्या कितीतरी स्टुडिओवाल्यांच्या बॅगेत तो असायचा. जपानमध्ये बनलेल्या त्याच्या सुरुवातीच्या नगांवर २०० व्होल्टच्या वरचे आकडे मिळतात, तर नंतर दुसऱ्या देशांत बनलेले नग १० व्होल्टच्या आसपास असू शकतात. दिसायला दोघे जुळे भाऊ. जर्मनीच्या मेट्झ कंपनीचा तो हातोड्यासारखा भलामोठा ४५ सीटी-१ आठवतोय? त्याचंही तसंच, आधीचे नग जास्त व्होल्टेजचे आणि पुढचे कमी. त्यामुळे "माझ्या मित्राकडे हाच फ्लॅश आहे, त्याचं काही बिघडलं नाही" हा पुरावा इथे चालत नाही. तुमच्या हातातला नग मोजायचा.

मोजायचं कसं?

मल्टिमीटर लागेल. घरात इलेक्ट्रिकचं काम करणारं कोणी असेल तर त्याच्याकडे असतोच. नसेल तर पुण्यात पासोड्या विठोबाजवळ, मुंबईत लॅमिंग्टन रोडला, बंगळुरूत एसपी रोडला, किंवा तुमच्या गावातल्या रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात काही शे रुपयांत साधा मीटर मिळतो.

आधी फ्लॅशची सेलची खोली उघडून बघा. सेल आतच विसरलेले असतील तर ते पाझरून पांढरी-हिरवी पावडर जमलेली असते. अल्कलाइन सेल असतील तर कापसाच्या काडीला थोडं व्हिनेगर लावून पत्त्या पुसा. साधे, झिंकचे सेल असतील तर चिमूटभर खायचा सोडा पाण्यात कालवून पुसा. मग स्पिरिटचा हात फिरवा आणि पूर्ण वाळू द्या. पावडर हातावर घेऊ नका, आणि हे काम लहान मुलांकडे देऊ नका.

मग ताजे सेल घाला आणि फ्लॅश सुरू करा. वर्षानुवर्षं बंद असलेल्या फ्लॅशचा कपॅसिटर आळसावलेला असतो, पहिल्यांदा भरायला वेळ घेतो. रेडीचा दिवा लागला की तसाच दोन-चार मिनिटं राहू द्या, फ्लॅशवरचं टेस्टचं बटण दाबून उडवा, पुन्हा भरू द्या. असं चार-पाच वेळा केलं की तो ताळ्यावर येतो. शिट्टी वाजतेय पण दिवा काही केल्या लागत नाही, किंवा जळका वास येतोय, तर तिथेच बंद करा. तो फ्लॅश गेला.

आता मीटर डीसी व्होल्टवर आणि सगळ्यात मोठ्या रेंजवर ठेवा, बहुतेक मीटरवर ती ६०० किंवा १००० असते. फ्लॅश सुरू, दिवा लागलेला. मीटरची लाल पिन फ्लॅशच्या पायाच्या मधल्या ठिपक्याला टेकवा, काळी पिन पायाच्या बाजूच्या धातूच्या कडेला. काही फ्लॅशचा पाय प्लास्टिकचा असतो, तिथे कडेला धातूची एक छोटी पट्टी शोधा. आकडा बघा. आकडा लहान आला तर मीटरची रेंज खाली आणून पुन्हा मोजा.

यात दोन बारकावे आहेत. स्वस्त मीटर स्वतःही थोडी वीज ओढतो, म्हणून आकडा खऱ्यापेक्षा कमी दिसू शकतो आणि बघता बघता उतरतोही. दिसलेला सगळ्यात मोठा आकडा धरा, आणि खरा आकडा त्याहून थोडा जास्तच असेल असं समजा. दुसरं म्हणजे पिना उलट लावलेल्या नसतानाही आकड्यापुढे वजा चिन्ह आलं, तर त्या फ्लॅशची धन-ऋण बाजू उलटी आहे. तो कॅमेऱ्यावर चढवायचाच नाही, आकडा कितीही लहान असो.

आणि मोजताना बोटं मध्ये आणू नका. फ्लॅश उघडून आत डोकावण्याचा मोह तर मुळीच नको. सेल काढले तरी कपॅसिटर बराच वेळ भरलेला राहतो आणि त्याचा झटका साधासुधा नसतो. युट्यूबवर कोणी स्क्रू-ड्रायव्हरने तो "रिकामा" करून दाखवत असेल, तर ते त्याला लखलाभ.

आकडा आला. आता?

कॅननच्या अगदी पहिल्या पिढीतल्या डिजिटल बॉडींसाठी, म्हणजे १०डी, ३००डी वगैरेंसाठी, ६ व्होल्टची मर्यादा सांगितली जाते. त्या बॉडी आजही सेकंडहँड बाजारात फिरतात, म्हणून लक्षात ठेवा. कॅमेरे आणि फ्लॅश यांच्यासाठी आयएसओ १०३३० नावाचं एक आंतरराष्ट्रीय मानक आहे, त्यात २४ व्होल्टचा आकडा आहे. (हो, कॅमेऱ्यातल्या आयएसओ १००-२०० ला नाव देणारी संस्थाही तीच.) आणि निकॉनच्या मॅन्युअलमध्ये २५० व्होल्टच्या वरचं किंवा उलट्या दिशेचं व्होल्टेज शूवर देऊ नका, अशी स्पष्ट सूचना असते.

मी स्वतः असं धरते: ६ च्या आत असेल तर निर्धास्त. २४ च्या आत असेल तर कॅननचे ते म्हातारे कॅमेरे सोडून बाकीच्यांवर चालेल. २४ च्या वर गेलं तर तुमच्या कॅमेऱ्याचं मॅन्युअल काढून मर्यादा वाचा, आणि वाचून झाल्यावरही तो फ्लॅश कॅमेऱ्यावर न चढवता लांबून उडवा. कसा, ते शेवटी सांगते. वाइन कंपनीचा सेफ-सिंक नावाचा एक छोटा ठोकळा मिळतो, तो कॅमेरा आणि फ्लॅशच्या मध्ये बसून व्होल्टेज कमी करतो. पण आपल्याकडे तो मागवायला जी किंमत पडते, त्यात आणखी थोडे पैसे घातले की नवा साधा मॅन्युअल फ्लॅशच येतो. म्हणून तो मार्ग मला फारसा पटत नाही.

याच कारणाने आणखी एक गोष्ट सांगते. घरात फ्लॅश असेल तर जरूर वापरा. पण बोरा बाजारात किंवा चांदणी चौकात जाऊन जुना फ्लॅश मुद्दाम विकत घेणार असाल, तर किंमत खरोखर किरकोळ असल्याशिवाय घेऊ नका. आणि दुकानात जाताना मीटर बरोबर न्या. दुकानदार हसला तर हसू द्या.

टीटीएल विसरा, "ए" आणि "एम" धरा

जुन्या फ्लॅशवर टीटीएल लिहिलेलं असेल तर ते डिजिटल कॅमेऱ्यावर काम करेल ही अपेक्षा सोडा. फिल्मच्या काळात कॅमेरा फोटो निघत असतानाच फिल्मवरून परत येणारा प्रकाश मोजायचा आणि पुरे झाला की फ्लॅश थांबवायचा. डिजिटल सेन्सर फिल्मसारखा प्रकाश परतवत नाही. म्हणून कंपन्यांनी पद्धतच बदलली. आता फोटोच्या आधी एक बारीक चमक टाकली जाते आणि तिच्यावरून हिशोब होतो. कॅननचं ई-टीटीएल १९९५ मध्ये आलं, निकॉनचं आय-टीटीएल २००३ मध्ये. त्याआधीच्या फ्लॅशना ही भाषा येत नाही. कॅननचे जुने ईझेड मालिकेतले फ्लॅश डिजिटल बॉडीवर टीटीएलमध्ये ठेवले तर दर वेळी पूर्ण ताकदीने उडतात आणि समोरचा माणूस चुना लावल्यासारखा पांढरा येतो.

पण जुन्या फ्लॅशमध्ये एक गोष्ट होती, जी मला आजही फार हुशारीची वाटते. ती म्हणजे "ए" किंवा ऑटो. फ्लॅशच्या पुढच्या बाजूला एक छोटा डोळा दिसेल. तो समोरून परत येणारा प्रकाश स्वतः मोजतो आणि पुरेसा झाला की फ्लॅश स्वतःच थांबवतो. कॅमेऱ्याशी काही बोलणंच नाही, त्यामुळे कॅमेरा १९७५ चा आहे की २०२० चा, त्याला फरक पडत नाही. निकॉनचे एसबी-२४, एसबी-२६, एसबी-२८ आजही अनेकजण जपून ठेवतात, ते याच "ए" आणि "एम" साठी.

वापरायचं असं. कॅमेरा एम मोडवर ठेवा. या फ्लॅशची कॅमेऱ्याला कल्पनाच नसते, त्यामुळे कॅमेरा ऑटोवर ठेवला तर तो अंधार समजून शटर रेंगाळत ठेवेल. शटर स्पीड १/१२५. १/२०० किंवा १/२५० पर्यंत जाता येतं, कॅमेऱ्यानुसार. त्यापुढे गेलात की फोटोत एका बाजूला काळा पट्टा येतो, कारण तेवढ्या वेगात शटर एका वेळी पूर्ण उघडतच नाही. आयएसओ समजा १००. फ्लॅशच्या पाठीवरच्या तबकडीवर "एएसए १००" लावा. तबकडीवर डीआयएन लिहिलेलं असेल तर २१ म्हणजेच १००. आता ऑटोच्या रंगीत पट्टीसमोर एक ॲपर्चर दिसेल, समजा एफ/५.६, आणि किती मीटरपर्यंत प्रकाश पोचेल तेही. तेच ॲपर्चर कॅमेऱ्यावर ठेवा. झालं. फोटो काळपट आला तर ॲपर्चर अर्धा-एक स्टॉप उघडा, पांढरा आला तर बंद करा. बाबांना हे बघायला रोल धुवून येईपर्यंत आठ दिवस थांबावं लागायचं, तुम्हाला स्क्रीनवर दोन सेकंदांत कळतं. म्हणूनच खरं तर हे फ्लॅश डिजिटलवर वापरायला जास्त सोपे आहेत.

हा डोळा फसतो कधी? समोर पांढरंशुभ्र धोतर आणि पांढरी भिंत असेल तर तो लवकर थांबतो, काळा कोट असेल तर उशिरा. आणि हळदीच्या फोटोत कोणी मध्येच हात घातला, तर तो हाताचा प्रकाश मोजतो. नवरी अंधारात.

एम म्हणजे मॅन्युअल. इथे एक छोटा भागाकार करायचा. प्रत्येक फ्लॅशचा एक गाइड नंबर असतो. त्याला अंतराने भागलं की ॲपर्चर मिळतं. आयएसओ १०० ला गाइड नंबर ३६ मीटर असेल आणि माणूस साडेचार मीटरवर उभा असेल, तर ३६ भागिले ४.५ म्हणजे एफ/८. आयएसओ ४०० केला की गाइड नंबर दुप्पट, म्हणून एफ/१६. नंबर फुटांत लिहिला असेल तर अंतरही फुटांत धरा. १२० फूट म्हणजेच साधारण ३६ मीटर. आणि कंपनीने छापलेला नंबर जरा फुगवलेला असतोच, एक स्टॉप उघडा ठेवून सुरुवात करा.

१८ मिमीवर सगळं कुटुंब एका फोटोत घेतलं तर कोपरे काळे येतील. हे फ्लॅश जुन्या ३५ मिमीच्या लेन्ससाठी केलेले होते, त्यांचा प्रकाश तेवढा पसरत नाही. थोडं मागे सरका आणि लेन्स २४ वर आणा. फ्लॅशचं डोकं वर वळत असेल तर पांढऱ्या छताकडे वळवा, प्रकाश मऊ होतो. तान्ह्या बाळाचा फोटो काढताना तर छताकडेच. ऑटोचा डोळा मात्र माणसाकडे राहिला पाहिजे.

लाइव्ह व्ह्यूमध्ये फ्लॅश उडत नसेल तर लगेच तो बाद झाला असं समजू नका. काही कॅमेरे तिथे परक्या फ्लॅशला दादच देत नाहीत. व्ह्यूफाइंडरमधून बघून पुन्हा काढा.

कॅनन १५००डी, ३०००डी आणि २००डी मार्क २ वाल्यांसाठी

आपल्याकडे पहिला कॅमेरा म्हणून हे तीन खूप घरांत आले. त्यांच्या हॉट शूमध्ये डोकावून बघा. मधला मोठा ठिपकाच नाही! कॅननने तो काढून टाकला. जुने फ्लॅश आणि साधे रेडिओ ट्रिगर त्याच ठिपक्यावर चालतात, म्हणजे इथे व्होल्टेजचा प्रश्नच उरत नाही, फ्लॅश मुळात उडणारच नाही. कॅमेऱ्याच्या खोक्यावर हे ठळक लिहायला हवं होतं, असं माझं मत आहे. नव्या छंदिष्टांना परवडणारे कॅमेरे हेच, आणि परवडणाऱ्या फ्लॅशची वाट नेमकी त्यांचीच बंद.

तरी एक रस्ता आहे, आणि जास्त व्होल्टेजचा फ्लॅश असणाऱ्यांसाठीही तोच. फ्लॅश कॅमेऱ्यापासून लांब ठेवायचा आणि त्याच्या पायाला ऑप्टिकल स्लेव्ह लावायचा. हा एक छोटा डोळा असतो. दुसरा फ्लॅश चमकलेला दिसला की तो आपला फ्लॅश उडवतो. एसबी-२६ मध्ये तर तो आतच बसवलेला आहे. कॅमेऱ्याला तार नाही, स्पर्श नाही, त्यामुळे कॅमेऱ्याला धोकाही नाही. स्लेव्ह घेताना मात्र तो किती व्होल्ट सहन करतो ते विचारा, रेडिओ ट्रिगरच्या रिसीव्हरलाही मर्यादा असतेच.

एक अडचण येते. कॅमेऱ्याचा स्वतःचा छोटा फ्लॅश फोटोआधी ती मोजणीची बारीक चमक टाकतो, आणि स्लेव्ह तिलाच भुलून आधीच उडून मोकळा होतो. निकॉनच्या बऱ्याच बॉडींमध्ये मेनूत जाऊन आतला फ्लॅश मॅन्युअल करता येतो, मग ती चमक येत नाही. कॅननवर चांदणीच्या खुणेचं बटण आधी दाबा. मोजणीची चमक तेव्हाच पडते, जुना फ्लॅशही एकदा उडतो. त्याचा दिवा पुन्हा लागेपर्यंत थांबा आणि मग लगेच शटर दाबा. थांबण्यात फार वेळ गेला तर कॅमेरा ती मोजणी विसरतो, म्हणून सेल ताजे हवेत. रिचार्जेबल निकेल मेटल हायड्राइड सेल घातलेत तर फ्लॅश आणखी पटकन भरतो.

या दिवाळीत करून बघा. संध्याकाळी अंगणातल्या रांगोळीच्या एका बाजूला, जमिनीलगत जुना फ्लॅश ठेवा, रांगोळीकडे तोंड करून. स्लेव्हचा डोळा तुमच्या कॅमेऱ्याकडे. फ्लॅशवर पांढऱ्या रुमालाची एक घडी टाका, आणि दोन हातांवर ठेवलात तर चार हातांवरही ठेवून बघा. अंतर दुप्पट झालं की प्रकाश चौथाई होतो. कॅमेऱ्याचा छोटा फ्लॅश अगदी मंद ठेवा, त्याचं काम फक्त इशारा द्यायचं. आडव्या येणाऱ्या प्रकाशात रंगाचा कण न् कण उठून दिसतो. फोटो काढून झाले की फ्लॅश बंद करा आणि माळ्यावर ठेवण्याआधी सेल बाहेर काढा.